बंद गाडीचा विमा

द्वारकावहिनी गजाला पूर्वी 'भावजी' म्हणायची. आता ती त्याला 'क्रेनवाले' म्हणते. एकाच गावात राहत असल्यामुळे दोघांची गाठ वरचेवर पडते. कधी दुकानात, कधी देवळापाशी, कधी कुणाच्या बारशाला. अशा वेळी ती तोंड फिरवत नाही की भांडत नाही. चारचौघांना ऐकू जाईल अशा बेताने, अगदी स्वच्छ आवाजात विचारते, "काय क्रेनवाले, बरं हाय ना?" आणि गजा हातातली पिशवी उगीचच या हातातून त्या हातात घेतो.

कर्जत तालुका संपून खालापूर सुरू होतो त्या सांध्यावर आमचे गाव आहे. वहिनीचा नवरा राजेश हा माझा चुलतभाऊ. तो साजगावच्या एका कारखान्यात फिटर होता आणि वहिनी शेजारच्याच कारखान्यात पॅकिंगला. दोघांना मिळून एक मोटरसायकल. ती वहिनीच्या नावावर होती, कारण कर्ज तिच्या पगारपत्रकावर मिळाले होते. चालवायचा राजेश, वहिनी मागे, मांडीवर दोघांचे डबे घेऊन.

विम्याविषयी आमच्या गावाची समजूत साधी होती. विमा म्हणजे पोलिसाला दाखवायचा कागद. नवी गाडी आली की देवीपुढे नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचे आणि पोलिसासाठी सर्वांत स्वस्तातली थर्ड पार्टी काढायची. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी उरकत, आणि त्यांपैकी लिंबावर सर्वांत जास्त भरवसा असे. आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तरच तो कागद उपयोगी पडतो, आपण स्वतः पडलो तर त्याचा काडीचाही आधार नसतो, हे कुणाला ठाऊक नव्हते. राजेशलाही नव्हते.

गजा आमच्याच गावचा, वरच्या आळीतला. एक जुना ट्रक घेऊन त्याने त्यावर हुक आणि साखळी बसवली होती आणि खोपोलीच्या रस्त्यावर, एका अवघड वळणापाशी, पत्र्याचे कुंपण घालून आवार केले होते. वळणावर कुणी घसरले की पहिला पोहोचायचा तो गजाच. तिथे इतकी खडी नेमकी कशी सांडते, याबद्दल लोक हसत हसत बोलत. डंपरवाले भरून नेतात तेव्हा सांडते, इतकेच त्याचे खरे उत्तर असावे.

एका दुपारी पाळी सुटल्यावर परतताना राजेश त्याच खडीवरून घसरला. वहिनी बाजूला फेकली गेली, तिला खरचटण्यावर निभावले. राजेशचा पाय गाडीखाली आला. गुडघ्यापाशी पँट भिजून काळी पडली होती. इतक्यात गजाची क्रेन आली, आणि वहिनीला देव पावल्यासारखे वाटले.

"भावजी, आधी ह्यांना घ्या. पुढली सीट मोकळी हाय."

गजाने आधी गाडीला साखळी लावली. गाडी वर गेली, तसा राजेश ओरडला. मग गजाने केबिनकडे पाहिले, राजेशकडे पाहिले आणि म्हणाला, "वैनी, सीटला कालच नवीन कव्हर घातलंय. रक्ताचा डाग निघत नाय."

"अवो, रस्त्यात तर दवाखाना हाय. उतरवून पुढं जा."

"गाडी उचलायचा माझा धंदा. माणसं उचलायचा ठेका माझा नाय. कुणाला तरी हात करा, थांबंल कुणीतरी." आणि केबिनमध्ये चढता चढता, उपकार केल्यासारखा, "गाडीची काळजी करू नका. माझ्याकडं सेफ हाय."

थांबला तो एक कोंबड्यांचा टेंपोवाला. परका, उत्तरेकडचा, नावही कुणाला कळले नाही. त्याने काही जाळ्या रस्त्याकडेला काढून ठेवल्या आणि त्या जागेत राजेशला आडवे केले. दवाखान्यात पोहोचला तेव्हा त्याच्या जखमेला पिसे चिकटली होती. पाय वाचला, गुडघा मात्र पुन्हा वाकला नाही. उशिरामुळे तसे झाले, असे कोणी डॉक्टर म्हणाला नाही. वहिनीला डॉक्टरने म्हणण्याची गरज नव्हती.

राजेशचे फिटरचे काम सुटले. तो घरी बसला, तेव्हा वहिनी एकटीच गजाच्या आवारात गेली. गाडी कुंपणाच्या कडेला उभी होती.

"उचलायचं भाडं हाय, आणि आवारात उभी केल्याचं रोजचं भाडं वेगळं," गजा म्हणाला. "जितका उशीर लावाल तितकं चढतंय, वैनी. घरातली म्हणून सांगतो."

वहिनी गाडीभोवती एक फेरी मारून आली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हितंच. ही गाडी माझ्या दारात यील. एक पैसा न देता यील. आणि तुमच्याच हातानं यील, क्रेनवाले."

त्या दिवशी तिने तो शब्द प्रथम वापरला.

राजेशचा स्वभाव मऊ. तो म्हणाला, "देऊन टाकू काय असंल ते. नायतर पोलिसांत सांगू. रोजचं भाडं घ्यायचा त्याला काय अधिकार?"

"पोलिसांनी आणली तर पोलिसांनी आणली असं हुईल," वहिनी म्हणाली. "मला त्यानं आणायला हवी."

गावात ही हकीकत पसरली, तेव्हा गावकी बसली. सगळे संतापलेले होते. गजाला वाळीत टाकावे, त्याच्या दारी कुणी जाऊ नये, त्याच्या घरच्या कार्याला कुणी उभे राहू नये, असा सूर निघाला. बायका देवळाच्या पायरीशी बसल्या होत्या. तिथून वहिनी उठून उभी राहिली. सभेत सुनेने बोलण्याची आमच्याकडे चाल नाही. पण तिला बसवायला कोणी धजावले नाही.

"वाळीत टाकू नका," ती म्हणाली. "वाळीत टाकणं कायद्यानं गुन्हा हाय. तो उद्या पोलिसांत जाईल, पेपरात फोटो यील आणि सगळं जग म्हणंल, बिचारा गजा. मला त्याला बिचारा करायचा नाय."

"मग काय करायचं म्हणतेस गं?" सोनुबाईने विचारले. सोनुबाई आमच्या शेजारची, तोंडाची फटकळ म्हातारी. तिचा मुलगा प्रवीण हा गावातला सर्वांत जास्त वेळा घसरणारा मोटरसायकलस्वार.

"बघते," वहिनी म्हणाली.

आठवड्याभरात ती कर्जतला अनुपमच्या कार्यालयात गेली. अनुपम कर्जतच्या जुन्या घराण्यातला. आजोबा वकील, वडील शिक्षक आणि हा विमा एजंट. शुद्ध बोलणारा, मृदू मुलगा. तिने त्याला सरळ विचारले, "साहेब, क्रेनवाला उपाशी मरंल असा विमा हाय का तुमच्याकडं?"

अनुपमने आधी तिला पाणी दिले. मग समजावले. थर्ड पार्टी म्हणजे दुसऱ्याचे नुकसान. त्यात आपल्या गाडीची भरपाई जोडली की लोक ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतात तो. मग वरच्या जोडण्या. पार्ट बदलताना जुनेपणाची वजावट होऊ नये म्हणून एक. आणि एक अशी, की गाडी रस्त्यात बंद पडली तर कंपनीला फोन करायचा, कंपनी क्रेन पाठवते, ठरावीक अंतरापर्यंत उचलून नेण्याचा खर्च कंपनी करते.

"म्हणजे गजाला बोलवायलाच नको?"

"कुणालाच बोलवायला नको, ताई. फक्त तो नंबर."

वहिनी त्या नंबराकडे बराच वेळ बघत राहिली, असे अनुपमने मला नंतर सांगितले.

त्यानंतरचे वर्ष तिने या एका कामाला वाहून घेतले. पॅकिंगच्या बाकावर, हळदीकुंकवात, शेतावर लावणीला सावड म्हणून गेली तर चिखलात उभी राहूनही ती विम्याविषयी बोले. आणि तिचे सांगणे सरसकट नसे. गाडी नवी असेल, कर्ज चालू असेल, तर सगळ्या जोडण्यांसकट फुल घ्या. गाडी पाच-सात वर्षांची असेल तर फुल घ्या, पण जुनेपणाच्या जोडणीचा हट्ट नको. फटफटी निव्वळ बाजारापुरती उरली असेल तर थर्ड पार्टी पुरे. मात्र क्रेनची जोडणी वेगळी मिळते, ती सोडू नका. काहीही घ्या, क्रेन सोडू नका.

"लुगडं घेताना एवढी चौकशी नाय केली गं कधी," सोनुबाई म्हणाली.

"लुगडं फाटलं तर गजा येतो का उचलायला?" वहिनी म्हणाली, आणि सोनुबाईने प्रवीणच्या गाडीला सगळे लावून टाकले.

अंगणाअंगणातल्या मोटरसायकलींचे असे विमे उतरले. गावाने गजाला वाळीत टाकले नव्हते. त्याच्या घरी जाणे-येणे होते, आमंत्रणे होती. फक्त त्याच्या क्रेनची कुणाला गरज उरली नव्हती. निदान असे सर्वांना वाटले.

पहिला प्रसंग अर्थातच प्रवीणचा. रेल्वे फाटकापाशी त्याची गाडी बंद पडली. त्याने मोठ्या ऐटीत कंपनीला फोन लावला आणि गावात निरोप धाडला. परक्या मुलखातून आपल्यासाठी क्रेन येते कशी, हे बघायला अर्धी आळी फाटकावर जमली. वहिनीही गेली. तासाच्या आत क्रेन आली. तिच्यातून गजा उतरला.

"नमस्कार," तो प्रवीणला म्हणाला. "मी कंपनीकडून आलोय."

गजाने साखळी लावली, मोबाईलवर गाडीचा फोटो काढला आणि वहिनीकडे वळून हात जोडले. "वैनी, लई उपकार झाले. पैलं मला वळणावर गिऱ्हाइकाची वाट बघत बसाय लागायचं. आता कंपनी घरबसल्या पाठवते. तुमी गावाला विमा उतरवलात ना, मी दुसऱ्या क्रेनचं कर्ज काढलं. पेढे द्यायला येणार व्हतो."

वहिनी घरी आली आणि तिने चूल पेटवली नाही. राजेशने सकाळच्या भाकरी ताकात कुस्करून तिच्यापुढे ठेवल्या. तिने त्या खाल्ल्या नाहीत. वर्षभर दारोदार हिंडून तिने वैऱ्याचेच दुकान वाढवले होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती अनुपमकडे गेली. या खेपेस पाणीही घेतले नाही.

"हा कसा आला?"

अनुपम ओशाळला. कंपन्यांच्या स्वतःच्या क्रेन नसतात, जिथले काम तिथल्या माणसाशी करार करतात आणि या पट्ट्यात क्रेन असलेला दुसरा माणूस नाही, हे त्याने सांगितले. आपण आधीच सांगायला हवे होते, असेही म्हणाला.

वहिनी उठली, दारापर्यंत गेली आणि थबकली. तिथूनच तिने विचारले, "त्यानं गिऱ्हाइकाकडं पैसं मागितलं तर?"

"मागता येत नाहीत. कंपनी देते."

"आणि कंपनीनं पाठवलं, आणि तो नाय आला तर?"

"एखाददुसऱ्या वेळी चालतं. पण कारण नसताना नाही म्हटलं, किंवा गिऱ्हाइकाने तक्रार केली, तर करार जातो."

"दुसऱ्या क्रेनचं कर्ज घेतल्यावर करार गेला तर?"

वहिनी परत येऊन खुर्चीवर बसली.

"म्हणजे तो नाय म्हणू शकत नाय," ती म्हणाली. अनुपमच्या सांगण्यानुसार, त्याने तिला हसताना त्या दिवशी प्रथम पाहिले. ते हसणे आपल्याला फारसे आवडले नाही, असेही त्याने सांगितले.

मग तिने पुढचा प्रश्न विचारला. "बंद गाडीचा विमा उतरतो का?"

अनुपमने नियम सांगितले. विमा मधे तुटलेला असल्यामुळे फुल हवा असेल तर कंपनीचा माणूस गाडी बघणार. थर्ड पार्टीला गाडी दाखवावी लागत नाही. क्रेनची योजना वेगळी घेता येते, ती दोन दिवसांनी लागू होते. गाडी जुनी असली तरी चालते. "पण ताई, गाडी आहे कुठे?"

"हाय की," वहिनी म्हणाली. "सेफ हाय."

जाण्यापूर्वी तिने योजनेचे पत्रक मागून घेतले आणि एका ओळीवर बोट ठेवले. गाडी उचलून नेताना तिच्यासोबत एका माणसालाही मुक्कामी पोहोचवण्याची सोय त्यात होती.

"हे माणसाचं खरं हाय ना?"

"खरं आहे."

एका सकाळी ती राजेशला घेऊन रिक्षाने गजाच्या आवारात गेली. राजेश वाटेत म्हणत होता, "सोड गं आता. झालं गेलं." ती म्हणाली, "तुमी काय नाय करायचं. तुमी फक्त बसायचं."

गजा कुंपणाच्या दाराशी खाटेवर चहा पीत होता. वहिनी त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. मोटरसायकलीवर कसलासा रानवेल चढून हँडलपर्यंत आला होता. तिने त्या वेलाशेजारी उभे राहून फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"गाडी चालू होत नाय," तिने सांगितले. त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

"आपण कुठे आहात, मॅडम?" पलीकडून एका मुलीने विचारले.

"खोपोली रोडला, वळणावर. पत्र्याचं कुंपण हाय, त्याच्या आत."

"आपण सुरक्षित ठिकाणी आहात का?"

"हो बाई. लई सेफ जागा हाय."

फोन बंद झाला. मग खाटेवर पडलेला गजाचा मोबाईल वाजला. त्याने पत्ता वाचला, पुन्हा वाचला, आणि मान वर केली.

"वैनी, हे काय?"

"मला काय विचारता? कंपनीला विचारा."

"पण आवाराचं भाडं बाकी हाय."

"लावू का परत फोन त्या पोरीला? सांगू का, क्रेनवाल्यानं गिऱ्हाइकाची गाडी कोंडून ठेवलीय आणि वर भाडं मागतोय?" वहिनीने अंगठा बटनावर ठेवला. "काय सांगू तिला, तेवढं बोला."

गजाने कप खाली ठेवला. वेल ओढून काढायला त्याला बराच वेळ लागला, कारण मुळे चाकाच्या तारांत गुंतली होती आणि सीटखाली लाल मुंग्यांनी घर केले होते. त्या हातभर चढल्या. त्याने हात झटकत साखळी लावली, फोटो काढला आणि केबिनकडे निघाला.

"थांबा," वहिनी म्हणाली. "माणूस पण हाय."

"काय?"

"एक गाडी, एक माणूस. योजनेत लिवलंय. वाचून दाखवू?"

राजेश कसनुसा झाला. "राहू दे रं गजा, मी मागं उभा राहतो गाडीजवळ."

"मागं नाय," वहिनी म्हणाली. "पुढं. सीटवर."

ट्रकची पायरी उंच. न वाकणारा गुडघा घेऊन त्या पायरीवर चढता येत नाही. राजेशने एकदा प्रयत्न केला आणि दाराला धरून उभा राहिला. गजाने वहिनीकडे पाहिले. ती आभाळाकडे पाहत होती. शेवटी गजाने खाली वाकून राजेशच्या मांडीखाली दोन्ही हात घातले, त्याला उचलले आणि सीटवर बसवले. पाय आत घेताना राजेश विव्हळला, तसा गजाने तो हळू, दोन्ही हातांनी धरून सरळ ठेवला.

"कव्हर मळंल हां, क्रेनवाले," वहिनी म्हणाली. "बघा बाबा."

तिने रिक्षा पुढे पिटाळली, कारण तिला स्वतःच्या दारात उभे राहायचे होते. क्रेन गावात शिरली तेव्हा सोनुबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती सूप घेऊन तशीच रस्त्यावर आली आणि मोठ्याने म्हणाली, "अगं बया, गजा माणसं पण उचलतो?" आळीभर हसू पसरले. गजाने काच वर केली. पण ती काच अर्ध्यातच अडकते, हे गावाला माहीत आहे.

अंगणात येताच तो साखळीकडे वळला.

"गाडी मागनं," वहिनी म्हणाली. "आधी माणूस."

त्याने राजेशला उतरवले. मग गाडी उतरवली. मग तो वहिनीसमोर येऊन उभा राहिला. काम पूर्ण झाले की गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर चार आकडे येतात. ते त्याने सांगितल्याशिवाय क्रेनवाल्याला कंपनीकडून काही मिळत नाही.

"वैनी, कोड."

"कोण वैनी?"

"मॅडम, कोड," तो म्हणाला.

तिने चष्मा शोधला. तो कपाळावरच होता, पण सापडायला वेळ लागला. मग तिने एकेक आकडा असा सांगितला, जणू लहान मुलाला पाढा शिकवते आहे.

आमच्याकडे दारी आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय पाठवत नाहीत. वैरी असला तरी तांब्या पुढे करतात. गजा उन्हात उभा होता, मुंग्यांनी फोडलेला हात चोळत होता, आणि सवयीने त्याची नजर दाराकडे गेली. वहिनीनेही ती पाहिली.

"तुमच्या गाडीला पाणी हवं असंल तर बोअरवेल तिकडं हाय," ती म्हणाली. "गाडीला हां."

ती मोटरसायकल दुरुस्त करण्यासारखी राहिलेली नाही. राजेशला चालवता येत नाही आणि वहिनी आता कंपनीच्या बसने जाते. तरी गाडी अंगणात उभी आहे, तोंड रस्त्याकडे करून; त्या रस्त्याने गजाच्या दोन्ही क्रेन रोज जातात. दसऱ्याला वहिनी गाडी धुऊन तिला झेंडूची माळ घालते आणि हळदकुंकू वाहते. राजेश ओट्यावर बसून बघतो. गेल्या दसऱ्याला मी गेलो होतो, तेव्हा अनुपमही पॉलिसीच्या नूतनीकरणासाठी आला होता.

"ताई, यंदा सोडून द्या," तो म्हणाला. "ही गाडी कधी चालणार नाही. क्रेनच्या योजनेचे पैसे तर निव्वळ फुकट."

वहिनीने माळ सरळ केली. "वर्षाला किती वेळा बोलवता येतं म्हणालात?"

"चार वेळा."

"मी एकदाच बोलवलाय," ती म्हणाली आणि सही करायला पेन मागितले.